डोळे तेवढे राहिले

बिश्केक, २० नोव्हेंबर १९९७

गुलबारा वहिनी,

सलाम. हे पत्र चुलीशी उभी राहून वाचू नकोस. मागच्या वेळी तू वाचताना हसलीस, दादानं "काय लिहिलंय?" म्हणून विचारलं आणि तुला माझ्यापायी खोटं बोलावं लागलं. या वेळी हसण्यासारखं काही नाही, पण तुझ्या पोटात काय आहे ते तुझ्या तोंडावर लगेच दिसतं. म्हणून गोठ्यात जाऊन वाच.

बाबांना अजून वाटतंय ना, की मी चित्रशिक्षिका होणार आणि गावच्या शाळेत येऊन पोरांना सफरचंद काढायला शिकवणार? त्या वर्गात मी सप्टेंबरपासून पाऊल टाकलेलं नाही. शिल्पाला आले, हे घरात फक्त तुला ठाऊक आहे. झोपताना मी रोज हेच मोजते: कोणाला माहीत आहे, कोणाला नाही, आणि कोण कोणाचा मेहुणा लागतो.

इमारत अशी आहे. अगदी खाली आम्ही मातीवाले, कारण माती वर कोण चढवणार? आमच्या वर चित्रकलेचे, त्यांना उजेड लागतो. त्यांच्याही वर ग्राफिकवाले, ते जिन्यात भेटले तरी खाली बघत नाहीत. आणि बोळाच्या टोकाला लोकर थापून केलेले नमदे आणि विणकाम. तिथे सगळ्या मुली, गप्पा आणि विजेची शेगडी. तिकडे गेले असते तर बाबाही खूश आणि माझी बोटंही गरम. पण मला डोकीच करायची आहेत, काय करू?

आता खरी गोष्ट. जानेवारीत पाहणी आहे. आमच्याकडे परीक्षा म्हणजे पाहणी. आपापलं काम मांडायचं, बाहेर यायचं, दार बंद. आत सगळे शिक्षक फिरतात, बाहेर आपण भिंतीला पाठ लावून उभे. दार उघडलं की कामाला चिकटवलेला कागद वाचायचा, झालं. शिल्पाला आम्ही चौघं आहोत, त्यात मुलगी मी एकटी. सोवेत्बेक सरांनी सांगून टाकलंय, यात जो पास होणार नाही तो शिल्पातून बाहेर. आणि चित्रशिक्षिकेची माझी जागा केव्हाच दुसरीला गेली. म्हणजे मी ना इकडची, ना तिकडची. थेट घरी.

दुसऱ्या वर्षाला जिवंत माणसाचं डोकं करायचं असतं. बसायला एक म्हातारा रशियन यायचा. खोलीत शेगडी नाही, खिडकीला आतून बर्फ. आठवडाभर बसला आणि म्हणाला, "पुतळ्यासारखं बसायला सांगता, पण पुतळ्याला सर्दी होत नाही." टोपी घालून गेला तो गेलाच. सर म्हणाले, आता ज्यानं त्यानं आपापला माणूस शोधा.

मी बाबांचं डोकं करायला घेतलंय, आठवणीतून. हसू नकोस. मला त्यांचे हात आठवतात, कोटाला येणारा ओल्या लोकरीचा वास आठवतो, आणि चेहरा मात्र हाताशी येत नाही. गालावरचा हिमदंशाचा डाग डावीकडे की उजवीकडे? खालचा ओठ कसा आहे? तू त्यांना रोज बघतेस. नीट बघ आणि लिही. माझा जीव टांगणीला लागलाय.

तुझी बुरुलाय

---

गाव, २ डिसेंबर

माझ्या लाडूबाई,

रोज बघतेस, म्हणे! शहराची हवा डोक्यात गेली का गं? सात वर्षं या घरात आहे मी. मामंजींना चहा देताना मला त्यांच्या पेल्याच्या कडेपलीकडचं काही दिसत नाही. सुनेनं सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि तोंडाकडे बघायचं नाही, हे काय मी तुला शिकवायचं? त्यांच्या बुटांचं विचार, कोणती शिवण उसवलीय ते सांगते.

पण तुझ्या पत्रातलं ते 'थेट घरी' वाचून मला झोप येईना. तू घरी आलीस की आठवड्यात आत्याबाई तुझ्यासाठी कुठला तरी मेंढपाळ शोधून आणतील, दात मोजून. म्हणून केलं मी ते. ऐक.

खिंडीत रात्रभर बर्फ काढायचं मशीन चालवून मामंजी सकाळी येतात आणि चुलीशी उताणे झोपतात. काल ते झोपले, तुझा दादा बाहेर गेला, आणि मी चोरासारखी उशाशी जाऊन उभी राहिले. पापण्या मिटलेल्या होत्या म्हणून धीर आला. तर लिहून घे. डाग डाव्या गालावर, अंगठ्याएवढा, पांढरट, कडेला जरा गुलाबी. उजवी भुवई मध्येच तुटलेली. कपाळावर टोपीची रेघ, रेघेच्या वर बाळासारखं गोरं आणि खाली चामडं. डोळ्यांच्या कोपऱ्यात बर्फाकडे बघून बघून पडलेल्या सुरकुत्या, डावीकडे जास्त. पापण्या जाड. खालचा ओठ झोपेत आत जातो, तिथले दोन दात नाहीत ना. श्वास सोडताना नाकपुडी हलते, पण ती काही तुला मातीत हलवता येणार नाही.

एवढ्यात आपली मेरिम मागून आली आणि मोठ्यांदा म्हणाली, "आई, आजोबांना काय बघतेस?" माझी पाचावर धारण बसली. मामंजी हलले नाहीत म्हणून वाचले. चार वर्षांची पोर आहे, पण गावचं टपाल तिच्याइतकं चालत नाही.

डोळ्यांचा रंग मात्र विचारू नको. मिटलेले असतात तेव्हा दिसत नाही, उघडे असतात तेव्हा मी बघत नाही.

आणि जपून राहा. परवाच मामंजी शेजाऱ्याला सांगत होते, माणसाचं तोंड बनवणाऱ्याला कयामतीच्या दिवशी म्हणतील, चल, आता घाल यात जीव. मग काय करशील? मला तर भीती वाटते. तुला नाही वाटत?

सोबत कुरुत पाठवतेय, या वर्षी वाळवलेल्या दह्याचे गोळे चांगले खारट झालेत. खिशात ठेव, माती कालवताना चघळ.

तुझी वहिनी

---

बिश्केक, १२ डिसेंबर

वहिनी,

तू लिहिलंस तसं केलं आणि बाबा आले! खरंच आले. भुवई तोडली, ओठ आत घेतला आणि मी एक पाऊल मागे सरकले. मशीनवरून उतरून घरी आल्यासारखे वाटले. माझ्या शेजारी काम करणारा तालाय म्हणाला, "याला चहा विचार."

पण सर आले. बाकीचं काही बोलले नाहीत. एवढंच विचारलं, "हा माणूस कुठे बघतोय?" मग स्वतःच म्हणाले, "तुला माहीत नाही, म्हणून यालाही माहीत नाही. डोळ्यांच्या जागी तू दोन बटणं लावलीत." गेले.

तेव्हापासून रोज डोळे लावते आणि रोज काढते. एकदा रागीट झाले, एकदा बावळट, एकदा तर आत्याबाईंसारखे झाले, मी घाबरून फडकं टाकलं. मातीचं डोकं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवावं लागतं. सुकलं तर तडकतं, गारठलं तर फुटतं. रात्री मला स्वप्न पडतं की फडकं सोडतेय आणि आत नुसता सांगाडा आहे, तारा आणि लाकूड.

आणखी एक झालंय. सुट्टीच्या दिवशी मी थडग्यांचे दगड करणाऱ्या एका कारखान्यात जाते, काळ्या दगडावर मेलेल्यांचे चेहरे कोरायला. आमच्यातले बरेच जण जातात. रविवारी मान वर केली तर समोर आपल्या गावचे सादिकबेक काका! भावाच्या थडग्याचा दगड न्यायला आले होते. मी दगडाच्या भुकटीनं कोपरापर्यंत पांढरी. ते म्हणाले, "अगं, तू तर कारागीर झालीस! काय काय करतेस?" आणि वहिनी, मी सांगून टाकलं. शिल्प, डोकी, सगळं. कौतुकानं विचारलं की माझं तोंड बंदच राहत नाही. मग हात जोडले, घरी सांगू नका म्हटलं. "छे छे," म्हणाले. पण त्यांच्या पोटात काही राहत नाही, हे तुलाही माहीत आहे.

ते घरी आले की मला कळव. चोराच्या मनात चांदणं, तशी गत झालीय. पायरी वाजली तरी वाटतं, बाबाच आले.

बुरुलाय

---

गाव, २३ डिसेंबर

बुरुलाय,

सलाम. आम्ही सगळे ठीक. बाबांना जरा बरं नाही. काळजीचं काही नाही. सुट्टी काढून घरी ये. कामाची कारणं सांगत बसू नकोस. आत्या आल्या आहेत, बाकीचेही येतील. गरम कपडे घाल. वाटेत उगाच काही विचार करू नकोस.

एर्मेक

---

बिश्केक, २९ डिसेंबर

वहिनी,

दादाचं पत्र मिळालं. ते तू लिहिलेलं नाहीस, यातच मला सगळं कळलं.

मी तुला काही विचारणार नाही. विचारलं तर तू सांगू शकत नाहीस, हे मला माहीत आहे. दूरच्या माणसाला पत्रात सांगत नाहीत. त्याला घरी आणतात, वाटेत हसवतात, दाराशी मोठी माणसं उभी करतात, दोन्ही दंड धरतात आणि मग सांगतात. आईच्या वेळी मला शाळेतून असंच आणलं होतं. मी अकरा वर्षांची. दादाच आला होता. "काही नाही गं, आईला जरा बरं नाही." वाटेत त्यानं मला गोड गोळी घेऊन दिली. दाराशी येईपर्यंत ती माझ्या गालात होती.

तेच शब्द, वहिनी. 'काळजीचं काही नाही.' आणि आत्या आल्या आहेत. आणि बाकीचेही येतील.

पत्र हातात पडलं त्याच दिवशी मी गाड्यांच्या अड्ड्यावर गेले. खिंड बंद. आदल्या दिवसापासून बंद. ड्रायव्हर म्हणाला, "कडा कोसळलाय, मशीनवाले आत अडकलेत." कोण मशीनवाले, ते त्याला माहीत नव्हतं. मी टपालकचेरीतून गावाला फोन लावला. एकदाच लागला. आपल्या पोस्टातल्या बाई होत्या. मी नुसतं नाव सांगितलं तर म्हणाल्या, "हो गं पोरी, रस्ता उघडला की लगेच ये. आणि धीर धर हं." मग खरखर आणि काहीच नाही. आता तारा पडल्यात म्हणतात.

धीर धर, असं त्या मला आयुष्यात कधी म्हणाल्या नव्हत्या.

मन चिंती ते वैरी न चिंती, हे मला कळतं. कदाचित खरंच ताप असेल, असं म्हणून बघते. तासभर टिकतं. मग पुन्हा ती गोळी आठवते.

वहिनी, मला सगळ्यात वाईट काय वाटतंय सांगू? मला कुणी सांगितलेलं नाही, म्हणून मला रडता येत नाही. काळा रुमाल बांधता येत नाही. खोलीतल्या मुली विचारतात, "काय झालं?" मी म्हणते, "बाबांना जरा बरं नाही." मीच आता तसं सांगायला लागले.

इथल्या टपालकचेरीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, पत्र टाकायचं तर टाक, डोंगराच्या अलीकडेच पडून राहील. टाकते.

बुरुलाय

---

गाव, ४ जानेवारी १९९८

अगं माझ्या बाई,

जिवंत आहेत! मामंजी जिवंत आहेत, ठणठणीत आहेत आणि तुझ्यावर भयंकर चिडलेत. आधी हे वाच, मग बाकीचं.

काल रात्री तुझा दादा बोलता बोलता म्हणाला, "बुरुलायला बोलावलंय मी." मी विचारलं, "काय लिहिलंस?" तर हा अभिमानानं सांगतो, "बाबांना बरं नाही, काळजीचं काही नाही, असं लिहिलं. खरं कारण लिहिलं असतं तर आली नसती." मी हातातली परात खाली टाकली. म्हटलं, "अरे माणसा, आपल्याकडे 'काळजीचं काही नाही' असं कोण कधी लिहितं? माणूस गेल्याशिवाय?" तो बघतच राहिला. मग म्हणाला, "पण खरंच काळजीचं नव्हतं." आता याला काय म्हणू? वडिलांचं नाव घ्यायची मला बंदी, मुलाला मात्र रात्रभर नावं ठेवली.

झालं असं. सादिकबेक काकांकडे भावाच्या वर्षाचं जेवण होतं. सगळं गाव बसलेलं. मेंढीचं डोकं मानानं मामंजींच्या पुढे ठेवलं. त्यांनी कान कापून मेरिमच्या हातावर ठेवला, मोठ्यांचं ऐकावं म्हणून. तेवढ्यात काका भरल्या पंगतीत म्हणाले, "तुमच्या पोरीचे हात काय आहेत हो! माणसांची डोकी करते, हुबेहूब!" कौतुकच करत होते बिचारे. मामंजींनी सुरी पुसली आणि एवढंच म्हणाले, "तो कान बिश्केकला पाठवायला हवा होता."

घरी येऊन तुझ्या दादाला सांगितलं, तिला बोलावून घे, कारण लिहू नको, आली की बोलू. आत्याबाई आल्या त्या तुझा निकाल लावायला आल्यात. गावात सगळ्यांना कळलंय, भेटेल तो मला म्हणतो, "बिचारी पोर, बापाच्या हाती सापडली की संपलीच." मी हे तुला आधीच कळवलं नाही, कारण म्हटलं, पाहणी होऊन जाऊ दे, त्याच्या आधी हिच्या जिवाला घोर नको. केवढा घोर लावला बघ.

आता टपाल बंद, तारा पडलेल्या. खिंडीवरची तुकडी दहा दिवस तिकडेच होती, मामंजीही. काल उतरले, उद्या पुन्हा जातायत. म्हणाले, "रस्ता उघडला की तसाच खाली शहरात उतरतो. कानाला धरून आणतो तिला." म्हणजे तुझ्यापर्यंत पोचणारे पहिले तेच. म्हणून हे पत्र त्यांच्याच हाती देतेय. हसावं की रडावं? जे जिवंत आहेत म्हणून कळवायचं, तेच ते कळवायला येणार. ते दुसऱ्याचं पत्र उघडत नाहीत, तेवढा भरवसा आहे.

ते डोकं त्यांना दिसू देऊ नको. फडकं सोडूच नको.

गुलबारा

---

बिश्केक, १० जानेवारी

वहिनी,

खिंड अजून बंद आहे. हे पत्रही अलीकडेच पडून राहील. तरी लिहिते, कारण दुसरं कोणाला लिहू?

काल रात्री मी खाली मातीच्या खोलीत गेले. पहारेकरीण ओळखते, तिनं किल्ली दिली. फडकं सोडलं तर बाबांचे ते दोन डोळे, रोज लावून काढलेले, माझ्याकडे बघत नव्हते, कुठेच बघत नव्हते. मला वाटलं, तिकडे त्यांचे डोळे कोणी मिटले असतील? दादानं? त्या वेळी ते घरी होते की बर्फात? मी पोचले नाही, ना माती द्यायला, ना बघायला.

मग मी ते डोळे मिटले. अंगठ्यानं, वरून खाली, हळू. जाड पापण्या तू लिहिल्या होत्यास तशा. आणि वहिनी, त्या एका हालचालीनं चेहरा पुरा झाला. इतके दिवस जे येत नव्हतं ते आलं. मला त्याचीच लाज वाटली.

नंतर भिंतीकडे तोंड करून बसले, मुलीनं बसायचं असतं तसं, आणि बाप गेल्यावर म्हणायचं शोकगीत म्हटलं. अगदी हळू. अर्धंच येत होतं. आईच्या वेळी आत्यांनी म्हटलेलं तेवढं. पहारेकरणीनं दार लोटून बघितलं आणि पुन्हा ओढून घेतलं.

सकाळी सर आले. खूप वेळ डोक्याभोवती फिरले. "झोपलाय का?" म्हणाले. मी म्हटलं, "हो." दुसरं काय सांगणार? मला तरी कुठे कोणी सांगितलंय?

पंधराला पाहणी. त्यानंतर शिल्पात राहिले काय, न राहिले काय. ज्यांच्यापासून लपवत होते तेच नाहीत.

बुरुलाय

---

बिश्केक, १७ जानेवारी

वहिनी,

तुझं पत्र मिळालं. ते आणणाऱ्यासकट.

पंधराला सकाळी आम्ही कामं मांडली, दार बंद झालं, आणि आम्ही चौघं बोळात भिंतीला टेकून उभे राहिलो. तालाय बोटांवरची सुकलेली माती खरवडत होता. मला काहीच होत नव्हतं. तेवढ्यात बोळाच्या टोकाला बाबा दिसले. तोच कोट, टोपीवर बर्फ. माझ्या तोंडून अशी किंकाळी फुटली की वरचे ग्राफिकवालेसुद्धा पहिल्यांदाच खाली बघायला आले.

बाबा म्हणाले, "काय गं? भूत बघितलंस का?"

मी म्हटलं, "हो."

"चेष्टा पुरे. सामान बांध. बाहेर गाडी उभी आहे."

मी त्यांच्या बाहीला धरलं. लोकर ओली होती, वास तोच. हात सोडवेना. म्हटलं, "बाबा, दार उघडेपर्यंत थांबा. एवढंच." त्यांनी आमच्या चौघांकडे बघितलं, टोपी काढली आणि आमच्या रांगेत भिंतीला पाठ लावून उभे राहिले. मला एकदम आठवलं, आत काय आहे ते. तू लिहिलं होतंस फडकं सोडू नको, पण ते पत्र अजून त्यांच्या खिशात होतं, आणि डोकं आत उघडं होतं.

दार उघडलं. बाबाच आधी आत गेले. चार डोकी मांडलेली. आपलं कोणतं ते त्यांना सांगावं लागलं नाही. ते त्याच्याभोवती एक फेरी फिरले, मशीन बंद पडलं की फिरतात तसे.

"हा मी?"

"हो."

"झोपलोय?"

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग पुन्हा मातीकडे. आणि त्यांना कळलं. आवाज एकदम खाली आला. "कोणी सांगितलं तुला, मी गेलो म्हणून?"

"कोणीच नाही. दादानं लिहिलं, काळजीचं काही नाही."

बाबांनी हातातली टोपी झटकली. मग म्हणाले, "गाढव." ते दादाला होतं. खिशातून तुझं पत्र काढलं. "हे सुनेनं दिलंय. आता वाचून काय उपयोग!" मी रडायला लागले, वहिनी. पंधरा-वीस दिवसांचं सगळं. ते मला थोपटत नाहीत, तुला माहीत आहे. नुसते जवळ उभे राहिले.

कागदावर लिहिलं होतं: 'हाडं, कातडी, ओठ, उत्तम. जिवंत माणसाचं डोकं सांगितलं होतं. डोळे नाहीत. फेब्रुवारीअखेर पुन्हा दाखवावे. तोवर जागा कायम नाही.' सर जवळ आले आणि बाबांकडे आणि डोक्याकडे आळीपाळीनं बघत म्हणाले, "तुम्ही बसला होतात का हिच्यासमोर?"

बाबा म्हणाले, "मी डोंगरावर होतो."

मग मी ओलं फडकं आणून डोकं गुंडाळलं. हनुवटीखालून घेऊन वर गाठ मारली, नेहमी मारते तशी. बाबांनी माझा हात धरला. "असं नाही. असं मेलेल्याची हनुवटी बांधतात." त्यांनी स्वतः गाठ सोडली, फडकं कपाळावरून घेतलं, मानेमागून वळवून पुढे खोचलं. वाऱ्यात खिंडीवर उभे राहताना मफलर बांधतात तसं. त्यांची बोटं त्या गालाला लागली. माणसाचं तोंड बनवणं पाप म्हणणारे बाबा, वहिनी.

मी विचारलं, "सामान बांधू का?" म्हणाले, "आता काही सांगत नाही. खिंडीत विचार करतो." बदलीवर एकच माणूस होता, त्याच रात्री परत मशीनवर जायचं होतं. गेले.

म्हणजे अजून काहीच ठरलेलं नाही. ते कधीही गाडी पाठवतील. आणि समजा नाही पाठवली, तरी डोळे कुठून आणू? दोन दिवस प्रयत्न करतेय. बाबा माझ्यासमोर उभे होते, हातभर अंतरावर, आणि मी इतकी घाबरलेली की त्यांच्या डोळ्यांकडे बघितलंच नाही. बाही बघितली, टोपीवरचा बर्फ बघितला, खिसा बघितला.

दादाला काही बोलू नकोस. आधीच तू बोलली असशील.

बुरुलाय

---

गाव, २९ जानेवारी

माझ्या लाडूबाई,

तुझी अडकलेली पत्रं एकदम तीन आली. गोठ्यात बसून वाचली. गाईनं माझ्याकडे बघून चारा खाणं थांबवलं, एवढंच सांगते.

मामंजी आले तेव्हा आत्याबाई दाराशीच उभ्या. "पोरगी कुठे?" मामंजी बूट काढत राहिले. "आणलं नाहीस?" त्यांनी मोजे चुलीशी वाळत टाकले. जेवण झालं, चहा आला, आणि आत्याबाईंनी पुन्हा सुरू केलं, एवढ्या लांब जाऊन हात हलवत आलास, मग गेलास कशाला? तेव्हा म्हणाले, "तिचं काम व्हायचंय."

"कसलं काम?"

"माझे डोळे."

आत्याबाईंनी तोबा तोबा केलं. मेलेला भाऊ बघितल्यासारखा चेहरा झाला त्यांचा. कयामतीच्या दिवशी काय सांगशील, म्हणून विचारलं. मामंजी म्हणाले, "सांगेन, जीव घालणं तिच्या हातात नव्हतं. पण डोळे मिटून ठेवायला मी काही मेलो नव्हतो." आत्याबाई दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं गेल्या. तुझ्यासाठीचा मेंढपाळ त्यांच्याबरोबर गेला, असं समज.

पण खरं पुढेच आहे. काल संध्याकाळी मी मान खाली घालून चहा दिला. मामंजींनी पेला घेतलाच नाही. म्हणाले, "सूनबाई, वर बघ."

मला वाटलं, चहात काही पडलं. मी पेल्यात बघायला लागले.

"पेल्यात नाही. माझ्याकडे. बुरुलायला लिहायचंय ना?"

तुझा दादा तोंड उघडं टाकून बसलेला. मी म्हटलं, "मला नाही जमणार."

मामंजी म्हणाले, "झोपलेला असताना उशाशी उभी राहून बघितलंस, ते बरं जमलं? मी जागाच होतो. तुला अवघड वाटू नये म्हणून डोळे मिटून पडलो. हलू नये म्हणून जमेल तसा श्वास धरून ठेवला, तरी ती पोर ओरडलीच."

मग काय करणार? कंदील जवळ ओढला आणि बघितलं. सात वर्षांत पहिल्यांदा. लिहून घे, नीट लिहून घे, पुन्हा मला हे होणार नाही.

काळे नाहीत. फिकट तपकिरी आहेत, दूध कमी पडलेल्या चहासारखे. डावा उजव्यापेक्षा किंचित बारीक, त्याच बाजूनं वारा येतो ना. पांढऱ्यात लाल रेघा, जागरणाच्या. खालच्या पापण्यांत थोडं पाणी उभं असतं, ते पडत नाही. मला वाटायचं, रागीट असतील. म्हणूनच तर इतकी वर्षं मान खाली घालून काढली. नाहीत गं. अजिबात नाहीत.

आणि तुझ्या सरांनी विचारलं होतं ना, हा माणूस कुठे बघतोय? मी बघत होते तेवढा सगळा वेळ मामंजी माझ्या खांद्यावरून दाराकडे बघत होते.

गुलबारा